मी धुतलेले बासष्ट दगड

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेल्या महिन्यात धाकटीने मला व्हिडिओ कॉलवर शाळेसाठी काढलेलं कुटुंबाचं झाड दाखवलं. खाली तुम्ही दोघं, वर आई-बाबा, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. सगळं बरोबर होतं. फक्त आमच्या फांदीवर, आजोबांच्या शेजारी, हातात हातोडी धरलेला लाल दाढीचा एक गोरा माणूस बसला होता. त्याच्याखाली लिहिलं होतं ‘साहेब’. बाईंनी त्याच्याभोवती गोल काढून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी विचारलं, "हा कोण गं?" तर थोरला मागून ओरडला, "आजी, तो तुझा एक्स आहे का?" आणि तुम्ही इतके हसलात की फोन खाली पडला.

तो माझा कुणी नाही. आपल्यापैकी कुणाचाच कुणी नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला, कंपनी सरकारच्या नोकरीतला, दगडांच्या नादी लागलेला तो एक विक्षिप्त डॉक्टर. पण धाकटीचं फार चुकलं असंही मला म्हणवत नाही. माझं लग्न झालं त्या आठवड्यापासून तो आमच्या घरात राहतो आहे.

आताच लिहायला बसले त्याचं कारण सरळ आहे. महिनाअखेरीला आमची रेसिडेंट कार्डं संपतात. त्याआधी मस्कतमधला, घुब्र्याचा हा फ्लॅट रिकामा करून आम्हाला पुण्याला जायचं आहे. आजोबांच्या डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं, त्यामुळे ते काही लिहिणार नाहीत. तुमची आई ही गोष्ट सांगेल ती हसवून सांगेल. हसण्यासारखं त्यात आहेही. पण ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, आणि माझी चूक मीच लिहिलेली बरी. मराठी वाचताना अडलात तर आईला मोठ्याने वाचायला लावा.

आधी साहेब.

तो कुठल्याशा थंड, डोंगराळ गावचा. डॉक्टरकी शिकला ती घरच्यांच्या आग्रहाने. खरा जीव दगडांत. मुंबईला आला तेव्हा रोग्यांची जीभ बघून औषध देण्याऐवजी तो त्यांच्या गावच्या विहिरीला कुठला खडक लागला हे विचारायचा. दगड ओळखायची त्याची रीत अशी, की आधी हातात तोलायचा, मग नखाने ओरखडायचा, मग त्यावर तोंडाची वाफ सोडून वास घ्यायचा आणि शेवटी चाटायचा. जीभ स्वच्छ राहावी म्हणून तो बिनमिठाचं, बिनमसाल्याचं जेवायचा. बरोबरचे अधिकारी त्याची थट्टा करत. एकदा त्यांनी जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटात विटेचा तुकडा ठेवला आणि हिमालयातून आलेला खडक म्हणून सांगितलं. त्याने तो चाटला आणि म्हणाला, ही मेसच्या मागच्या भिंतीची वीट आहे, जिथे घोडे बांधतात त्या बाजूची.

त्याची एक खोड मात्र त्याच्या मुळावर आली. तो दगडांना चिठ्ठ्या लावत नसे. कागद वाळवी खाते, शाई दमट हवेत पसरते, जिभेला मात्र वाळवी लागत नाही, असं त्याचं म्हणणं. कुठला दगड कुठला, हे सगळं त्याच्या डोक्यात असे.

तेव्हा नुकत्या आगबोटी येऊ घातल्या होत्या. त्यांना लागणारा कोळसा ओमानमध्ये मिळेल का हे बघायला त्याला मस्कतला धाडलं. हुकूम असा होता की बंदर सोडायचं नाही, आत डोंगरात जायचं नाही. लोक आणून देतील ते दगड तपासायचे आणि दीड महिन्याने येणाऱ्या गलबताने परत फिरायचं. गलबत अख्खा उन्हाळाभर आलं नाही. बंदराजवळच्या एका घराच्या गच्चीवर साहेब अडकून पडला. ती गच्ची लांबीला अकरा पावलं होती. हे आम्हाला माहीत आहे, कारण त्याने आपल्या वहीत रोज लिहून ठेवलं आहे. आज अकरा. आजही अकरा. समोर उघडे डोंगर, ज्यांच्यासाठी तो एवढा समुद्र ओलांडून आला, आणि त्यांना हात लावायची बंदी.

मग वहीत बरीच पानं कोरी आहेत. त्यानंतर एकदम हिरवट काळ्या, सापाच्या कातीसारख्या दगडांची वर्णनं येतात, आणि एका झऱ्याचं. त्या झऱ्याचं पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं, आणि संथ पाण्यावर दुधावर धरावी तशी पांढरी साय धरते. काठच्या दगडांवर तीच साय सुकून कवच झालेलं, आणि त्या कवचाच्या पोटात एक तांबूस रेघ.

गलबत आलं तेव्हा त्याच्या वरिष्ठांनी ते वाचलं. पाण्यावर साय! ते हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे खरं असेल तर याने हुकूम मोडला आहे. त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या. एक तर चौकशी होईपर्यंत इथेच राहा, नाहीतर आपण सगळा वेळ तापात होतो आणि हे भ्रमात लिहिलं, असं लिहून सही कर. दगड पुढे केले तर त्यांवर कुठलीच चिठ्ठी नाही. ते बंदरातलेही असू शकत होते. साहेबाने सही केली. पुढची सगळी वर्षं कोकणातल्या एका लहान बंदरात त्याने ताप-खोकल्याची औषधं देण्यात काढली. तो गेल्यावर त्याचे दगड कचेरीत कागदांवर वजन म्हणून वापरले आणि उरलेले रस्त्याच्या भरावात गेले.

आजोबांना ही वही कॉलेजात असताना मुंबईच्या एका ग्रंथालयात मिळाली. मागितलं होतं दुसरंच पुस्तक, शिपायाने चुकून ही आणून दिली. दोन वर्षं दर शनिवारी जाऊन त्यांनी ती हाताने उतरून काढली. लग्न ठरवायच्या वेळी, आमच्या घरच्या बैठकीत, पहिल्या भेटीत त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, स्वयंपाकात मीठ कमी चालेल का? दुसरा, "त्याने सही का केली असेल, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, कुणी? आणि पुढचा अर्धा तास माझे वडील घड्याळाकडे बघत होते.

इथे लोक पगारासाठी येतात. आजोबा त्या सहीवर चिडून आले. एका खाणकंपनीत भूवैज्ञानिकाची नोकरी घेतली आणि मला म्हणाले, दोन वर्षांत परत जाऊ. सव्वीस वर्षं झाली. पहिल्याच वर्षी त्यांना आत डोंगरात एका वाडीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीच्या पात्रात, साय धरलेलं पाणी दिसलं. असं पाणी या डोंगरांत बऱ्याच ठिकाणी आहे, आता ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण साहेबाने पाहिलं ते नेमकं कुठलं, तो कुठल्या वाटेने आत गेला, हे त्यांना दगडांनिशी दाखवून द्यायचं होतं. प्रत्येक सुट्टीला ते त्यामागे जात. बासष्ट ठिकाणांचे बासष्ट दगड त्यांनी गोळा केले. तांबूस रेघेच्या कवचाचा दगडही त्यांत होता.

आता तुम्ही म्हणाल, दगडावर नंबर का नाही घातला? सगळे घालतात, पांढरा ठिपका रंगवून त्यावर. आजोबा घालत नसत. रंग लावला की दगड चाखता येत नाही म्हणे! साहेबाचा वारसा. ते दगड वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळत आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने नंबर घालत. फिल्डबुकात तोच नंबर, ठिकाण आणि वर्णन. म्हणजे दगड आणि वही यांना जोडणारी एकच गोष्ट होती, तो कागद.

मी पंधरा वर्षं इथल्या भारतीय शाळेत ग्रंथपाल होते. माझ्या हाताखालून कॅटलॉग नंबराशिवाय एक पुस्तक गेलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी आजोबा डोळ्यांच्या तपासणीनंतर जुन्या सहकाऱ्याकडे सलालाहला चार दिवस गेले होते. मी घर आवरायला काढलं. छोट्या खोलीतलं कपाट उघडलं तर कागदांना कसर लागलेली, सगळीकडे तांबडी धूळ, आणि एक कुबट वास. मी दगड एकेक करून कागदांतून काढले. टबात लिंबाच्या साबणाने ब्रश मारून धुतले. काहींवर पांढरा थर होता. नळांवर पाण्याचा बसतो तसा. तो साबणाने निघेना, म्हणून मी व्हिनेगर ओतलं. छान फेस आला. मला अजून आठवतं, किती स्वच्छ निघतंय म्हणून मी खूश झाले होते. मग जुन्या साडीवर बाल्कनीत वाळवले, आइस्क्रीमच्या डब्यांत लावले आणि डब्यांवर सुवाच्य अक्षरात लेबलं चिकटवली. हिरवे मोठे. हिरवे लहान. काळे. पांढरे. इतर.

आणि कागद? आपल्याकडे काचा कशाने पुसतात? ओल्या वर्तमानपत्राने. मी साऱ्या खिडक्या पुसल्या. मस्कतची धूळ तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशी काचा इतक्या लखलखीत झाल्या की समोरचा डोंगर खोलीत आल्यासारखा वाटला.

शेवटचा तुकडा हातात राहिला होता तेव्हा कडेला पेन्सिलीचा आकडा दिसला. सदतीस.

मी खाली बसले. कचऱ्याच्या पिशवीत हात घालून बघितलं. सगळा काळा लगदा. तो एक तुकडा मी वाळवला, रुमालांच्या खणात तळाशी ठेवला, आणि आजोबा परत आले तेव्हा चहा टाकला.

मी त्यांना सांगितलं नाही. आज सांगेन, फराळ झाल्यावर सांगेन, त्यांचं डोळ्यांचं औषध बदललं की सांगेन, असं करत सात महिने गेले. ते कपाट उघडत नव्हते. दिसतच नव्हतं तर उघडून काय करणार? पण रोज विचारायचे, "कपाटाला ओल नाही ना लागत?" मी म्हणायची, "नाही हो." या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या दारापासून बाल्कनीपर्यंत चौदा पावलं आहेत. मला गाडी चालवता येत नाही, उन्हाळ्यात बाहेर पाय ठेववत नाही, एसी बंद केला तर दहा मिनिटांत भिंती तापतात. त्या सात महिन्यांत मी ती चौदा पावलं किती वेळा चालले असेन! त्या कपाटाचं दार बरोबर मध्ये, सातव्या पावलाला.

हिवाळ्यात कंपनीचे अर्बाब, म्हणजे मालक, वारले. म्हातारे, फार सज्जन. निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही त्यांनी आजोबांना सल्लागार म्हणून ठेवलं होतं, आणि आमचं इथलं राहणं त्या नोकरीवर टिकून होतं. मुलांनी ऑफिस बंद करायचं ठरवलं. फार अदबीने सांगायला आले, काजूची पेटी घेऊन. "अंकल, हळूहळू, इन्शाल्ला, घाई नाही." पण कार्डाची तारीख हळूहळू होत नाही.

आजोबा म्हणाले, दगड घेतल्याशिवाय मी हलणार नाही. दगड बाहेर न्यायचे तर सरकारी परवानगी लागते. परवानगीच्या अर्जाला यादी जोडायची: दगड, वजन, सापडल्याचं ठिकाण. म्हणजे दगडांशिवाय ते जाणार नाहीत, ठिकाणांशिवाय दगड जाणार नाहीत, आणि ठिकाणं मी काचांवर पुसून टाकलेली. आणि यादी टाइप कोण करणार? नेहमी टाइप करते ती मी.

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ते म्हणाले, "एक नंबर काढ. वही एक, पान तीन." मी पान वाचलं. हिरवट, मुठीएवढा. मी ‘हिरवे मोठे’ मधून एक उचलला आणि काट्यावर ठेवला. वजन टाइप केलं, ठिकाण टाइप केलं. तक्ता सुरेख दिसत होता. "दोन," ते म्हणाले. मी दुसरा उचलला. असे अठरा झाले. दोन दिवसांत अठरा खोट्या ओळी, सरळ रकान्यांत, एकही टायपिंगची चूक नाही.

एकोणिसाव्याला त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. बघू तरी."

त्यांनी तो तोलला. अंगठा फिरवला. मग चाटला.

"हा एकोणीस?"

"हो."

"वहीत काय आहे परत वाच."

"गुळगुळीत, सापाच्या कातीसारखा. जिभेला चिकटत नाही."

"हा चिकटतो."

"अहो, इतकी वर्षं कपाटात..."

"दगड कपाटात बदलत नाही गं." त्यांनी पुन्हा चाटला. मग अठरा मागितला, सतरा मागितला. एकेक करून सगळे चाटले आणि एकेक करून समोर ठेवले. त्यांना मी दिसत नव्हते हे माझं नशीब. शेवटी म्हणाले, "याला कसली तरी फळासारखी चव येते. एकही ओळखू येत नाही मला."

मी ते दगड परत डब्यात ठेवायला लागले.

"डोळे गेले तेव्हा म्हटलं, चला, हात आहेत, जीभ आहे. तेही गेलेलं दिसतंय." ते खुर्चीत मागे टेकले. "तू लिही जे लिहायचंय ते. कुठेही दाखव, मी सही करतो."

लग्नाआधी विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला इतकी वर्षं आलं नव्हतं. त्याने सही का केली? आजोबांचं मत होतं की तो भित्रा निघाला. त्या दुपारी मला समोर दिसलं की भ्यालाच असेल असं नाही. चार शहाण्या माणसांनी रोज तू भ्रमात होतास म्हणून सांगितलं, तर माणसाला स्वतःच्या जिभेचाही भरवसा राहत नाही. साहेबाला ते सांगणारे त्याचे वरिष्ठ होते. आजोबांना सांगणारी मी.

मी उठले. बेडरूमच्या खणातून तो तुकडा आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"हे काय?"

"सदतीसचा कागद."

"आणि सदतीस?"

"डब्यात आहे. कुठला ते माहीत नाही. सगळे धुतले मी. दिवाळीला. तुमची जीभ बरोबर आहे, ती चव साबणाची आहे. लिंबाच्या."

ते कागद बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "बाकीचे कागद?"

"काचा पुसल्या."

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. अगदी हळू विचारलं, "तो साय धरलेला? त्याच्यावरचं कवच आहे ना?"

"निघालं. व्हिनेगर टाकलं होतं. फेस आला."

ते उठले आणि भिंत धरत बेडरूममध्ये गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दहीभात तेवढा खाल्ला, तोही मी ताट ठेवून बाहेर आल्यावर. मी त्या अठरा ओळी पुसून टाकल्या. बाहेर जायला जागा नव्हती. मी चौदा पावलं चालत होते आणि आतून त्यांच्या रेडिओचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलापाशी येऊन बसले. "सगळे काढ," म्हणाले. "बादल्यांत घाल. साध्या पाण्यात. दिवसातून चार वेळा पाणी बदल. साबण उतरल्याशिवाय काही बोलता येणार नाही."

"आणि मग?"

"मग काय, साहेबासारखं."

स्वयंपाकघरात पाच बादल्या लागल्या. शुक्रवारी आमच्या ऑफिसचा जुना ड्रायव्हर भाजी घेऊन आला. मूळचा कुडाळचा, आजोबांना डोंगरात फिरवण्यात त्याची सतरा वर्षं गेली. हल्ली तो मवालेहच्या भाजीबाजारातून दुकानांना माल पोचवतो. बादल्यांकडे बघून म्हणाला, "काकी, ह्यां काय? डाळ भिजत घातलास?" मी त्याला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून खाली बसला. मग बादलीत हात घालून एक दगड वर काढला. "ह्यो धोंडो माका ठावक आसा. हेच्यापायी गाडयेचो टायर फुटलो. आणि काका म्हणतत काय, टायर मगे बघ, आदी ह्येका चाटून बघ!"

आतून आजोबांचा आवाज आला, "आणि चाटलास ना?"

"चाटलंय तर! न चाटून सांगतंय कोणाक?"

सात महिन्यांनी या घरात कुणी मोठ्याने हसलं.

त्यानंतर आठ दिवस एकच काम. सकाळी चहानंतर मी दगड त्यांच्या हातात द्यायची. ते तोलायचे, नख लावायचे, वाफ सोडून हुंगायचे, चाटायचे, आणि त्यांच्या शब्दांत वर्णन सांगायचे. मग मी वह्यांमध्ये त्याच्याशी जुळणारं वर्णन शोधायची. जुळलं तर वाचून दाखवायची नाही. ही अट त्यांनीच घातली होती. "तू वाचलंस की मी होच म्हणेन." त्यांनी आपणहून ठिकाण सांगितलं आणि ते वहीत निघालं तरच लिहायचं. जिथे त्यांची खात्री नाही तिथे रकाना कोरा.

"अहो, अंदाजाने तरी," मी एकदा म्हटलं, कारण दिवस संपत चालले होते.

"अंदाजाने अठरा लिहून झालेत ना तुझे?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मीठ घाल आजपासून आमटीत. काम होत आलं."

ड्रायव्हरच्या आठवणीवर तीन दगडांची ठिकाणं ठरली. त्याला नंबर आठवत नसत. कुठे पाणी संपलं, कुठे शेळीने डबा पळवला, हे आठवे. आजोबांनी त्याला एकदाच विचारलं, त्या सायीच्या झऱ्यापर्यंत जाता येईल का. तो म्हणाला, "काका, गेल्या पुरात वाट व्हावान गेली. थंय आता गाडी जायत नाय." बाहेर जून महिना पेटलेला होता. आजोबांनी पुन्हा विचारलं नाही.

कवच गेलेला तो दगड त्यांनी पहिल्याच फटक्यात ओळखला होता. हातात घेऊन बाजूला ठेवला. "हा आता कुठलाही असू शकतो," एवढंच म्हणाले आणि त्याचाही रकाना कोरा ठेवायला लावला. साहेब आत गेला होता याचा आजोबांना हवा होता तो पुरावा तो दगड होता. तो आता नाही, आणि तो मी घालवला. हे मी मऊ करून लिहीत नाही.

शेवटी अडतीस दगडांना ठिकाणं मिळाली, चोवीस कोरे राहिले. अर्जाच्या यादीखाली मी एक टीप टाइप केली. या दगडांच्या मूळ खुणा घरातल्या सफाईत नष्ट झाल्या, ठिकाणं संग्राहकाने स्पर्शाने आणि चवीने पुन्हा ठरवली आहेत, आणि खुणा नष्ट करणारी व्यक्ती मी आहे. त्याखाली माझी सही. आजोबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "चवीने हा शब्द त्यांना चालेल का?" मी म्हटलं, खरा आहे.

कचेरीत खिडकीमागे एक तरुण ओमानी मुलगी होती. तिने टीप दोनदा वाचली. "धुतले? साबणाने?"

"साबणाने."

तिने ओठ दाबून हसू आवरलं. "माझी आई माझ्या भावाचे शिंपले असेच धुते, मॅडम." मग कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवून म्हणाली, "पण ठिकाण नाही ते जाऊ शकत नाहीत. हे चोवीस खलास."

आजोबांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं.

काल ड्रायव्हर भाजीच्या पिकअपमधून ते चोवीस दगड घेऊन गेला आणि निझवाच्या वाटेवरच्या एका कोरड्या पात्रात ओतून आला. आजोबांनी त्याला फोन करून नेमकी जागा विचारली आणि मला वहीत लिहायला लावली. का, म्हटलं. "नाहीतर उद्या कुणाला ते तिथे सापडतील आणि तो त्यावर पेपर लिहील."

आज दुपारी सामान बांधून झालं. थोरल्याला सांगायचं राहिलं, साहेब माझा एक्स नाही. धाकटीने त्याला झाडावर ठेवलं तरी माझी हरकत नाही. मात्र बाईंना सांगा की त्याने जे पाहिलं ते आम्हाला सिद्ध करता आलेलं नाही.

आता शिल्लक आहे ते असं. साहेबाची मूळ वही मुंबईच्या ग्रंथालयात आहे, सहीच्या पानासकट. तिची आजोबांनी उतरलेली प्रत माझ्या हँडबॅगेत आहे. सहा फिल्डबुकं आहेत. अडतीस दगड आहेत, दोन पेट्यांत, प्रत्येकावर माझ्या अक्षरात पांढऱ्या रंगाने नंबर. आजोबांनी या वेळी रंगाला नाही म्हटलं नाही. आणि वर्तमानपत्राचा एक तुकडा आहे, सदतीस लिहिलेला. त्याचा दगड कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमची,
आजी